एक बँड, आठ गाणी, तीन विजेते: सोलापुरातील एका मतदानाचा प्रकरण अभ्यास

या प्रकरणातील व्यक्तींची नावे आणि ओळख पटेल असे तपशील वगळले आहेत. बँड आणि त्याची गाणी यांविषयीची माहिती मात्र जशी आहे तशीच दिली आहे. दुसऱ्या फेरीच्या मतमोजणीला मी बसलो होतो, त्यामुळे त्या भागात माझे मतही आले आहे.

पार्श्वभूमी

साखर पेठेतल्या एका घराच्या माडीवर महिन्यातून एकदा पंचवीसेक माणसे गाणी ऐकायला जमतात. खाली यंत्रमाग आहेत, म्हणून बैठक माग थांबल्यावरच सुरू होते. जमणाऱ्यांत बँकेतून निवृत्त झालेले एक काका आहेत. त्यांनी नोकरीच्या काळात मुंबईहून आणलेल्या कॅसेटींवर हा गट उभा राहिला. माध्यमिक शाळेतल्या एक बाई आहेत, टॉवेलच्या कारखान्यात रात्रपाळी करणारा एक तरुण आहे आणि गिटार, बेस व ड्रम वाजवणारी कॉलेजची तीन पोरे आहेत. त्यांतली बेस वाजवणारी मुलगी आहे. कुणाच्या घरी तेलुगू बोलतात, कुणाच्या कन्नड, कुणाच्या दखनी. माडीवर सगळे मराठीत भांडतात.

गटाचा लाडका बँड म्हणजे लंडनचा द क्लॅश, पंकचा, म्हणजे कच्च्या, वेगवान, बंडखोर रॉकचा. १९७६ मध्ये तो सुरू झाला आणि १९८६ मध्ये संपला. जो स्ट्रमर आणि मिक जोन्स हे मुख्य गीतकार-गायक, बेसवर पॉल सिमोनन आणि १९७७ पासून १९८२ पर्यंत ड्रमवर टॉपर हेडन. पहिला अल्बम १९७७ चा. त्यात बेकारी आहे, पोलीस आहेत, कंटाळा आहे. पुढे मात्र या बँडने पंकच्या तीन सुरांत अडकून राहायला नकार दिला. रेगे म्हणजे जमैकाचे उलट ठेक्याचे संगीत, नाचाच्या ठेक्याचे फंक, जुने रॉक अँड रोल, जे जे आवडले ते त्यांनी आत घेतले. १९७९ च्या डिसेंबरात आलेल्या 'लंडन कॉलिंग' या दुहेरी अल्बमात १९ गाणी होती आणि तो एकाच अल्बमच्या किमतीत विकायचा हट्ट त्यांनी पुरा केला. पुढच्या वर्षी तीन तबकड्यांवर ३६ गाणी आली.

सोलापूरला हे सगळे परके का वाटत नाही, हे काकांना विचारावे. त्यांचे वडील गिरणीत होते. १८७७ साली या गावात पहिली कापड गिरणी, म्हणजे आपली जुनी मिल, उभी राहिली आणि शंभर-सव्वाशे वर्षांत मोठ्या गिरण्यांचे भोंगे एकामागून एक बंद झाले. कारखाना तरुण पोराला कसा गिळतो, यावर क्लॅशचे 'क्लॅम्पडाउन' हे गाणे आहे. ते लागले की काका उठून उभे राहतात. मला हा माणूस त्यासाठीच आवडतो.

मतदानाची गरज एका व्यवहारातून निर्माण झाली. त्या तीन पोरांना एका छोट्या सभागृहात कार्यक्रम मिळाला. शेवटचे गाणे क्लॅशचे घ्यायचे ठरले, पण तयारीला वेळ इतका कमी की एकच बसवता आले असते. कोणते, यावर तिघांचे तीन पक्ष. काका म्हणाले, "मग सगळ्यांनाच विचारा की. बँडचं सगळ्यात चांगलं गाणं कोणतं, मत घ्या." बेसवाली पोरगी म्हणाली, "पंकमध्ये मतदान कसलं, काका?" तरी मतदान ठरले.

यादी करताना घेतलेले निर्णय

प्रत्येकाने तीन गाणी सुचवायची होती. पहिला वाद इथेच झाला. 'पोलीस अँड थीव्ज' आणि 'आय फॉट द लॉ' ही दोन नावे बऱ्याच जणांनी दिली, पण ही दोन्ही गाणी मूळची क्लॅशची नाहीत. पहिले जमैकाच्या ज्युनियर मर्विनचे, दुसरे सनी कर्टिसने लिहिलेले. शिक्षिकाबाई ठाम होत्या की दुसऱ्याचे गाणे या बँडचे उत्तम गाणे कसे ठरेल? काकांनी विचारले, "तुकारामांचा अभंग भीमसेनांनी गायला, तर तो भीमसेनांचा नाही का?" मला काकांचा मुद्दा आजही वजनदार वाटतो, कारण क्लॅशने 'पोलीस अँड थीव्ज' ज्या पद्धतीने ताणून, खरवडून वाजवले त्यातूनच पुढचे त्यांचे रेगे निघाले. पण बहुमत बाईंच्या बाजूने गेले आणि दोन्ही गाणी वगळली.

शेवटी आठ उरली: 'लंडन कॉलिंग', 'क्लॅम्पडाउन', 'द गन्स ऑफ ब्रिक्स्टन', 'ट्रेन इन व्हेन', 'व्हाइट मॅन इन हॅमरस्मिथ पॅले', 'स्ट्रेट टू हेल', 'रॉक द कॅसबाह' आणि 'शुड आय स्टे ऑर शुड आय गो'.

अडचण

पहिले मतदान फोनवरच्या फॉर्मने झाले. एका माणसाला एक मत, ज्याला सर्वांत जास्त मते ते विजयी. कोणी मत द्यायचे हे कुठेच लिहिलेले नव्हते. पोरांनी फॉर्म आपल्या कॉलेजच्या गटांवर टाकला, तिथून तो आणखी कुठे कुठे गेला. मते गटाच्या कितीतरी पट आली.

'शुड आय स्टे' जिंकले, तेही एक तृतीयांशापेक्षा कमी मतांवर. उरलेली दोन तृतीयांशांहून जास्त मते सात गाण्यांत वाटली गेली होती.

हे गाणे वाईट नाही. मिक जोन्सने गायलेले, मागे स्पॅनिशमध्ये ओरडणारे आवाज, एकदा ऐकले की डोक्यातून जात नाही. १९८२ मध्ये आले तेव्हा ते पहिल्या क्रमांकाच्या जवळपासही नव्हते. १९९१ मध्ये एका जीन्सच्या जाहिरातीत वाजले आणि ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेले. या बँडचे तिथले तेवढे एकच. पुढे एका अमेरिकी वेबमालिकेने ते नव्या पिढीच्या कानावर घातले. कॉलेजच्या बहुतेक मतदारांनी आठांपैकी तेवढे एकच ऐकले होते.

पुढच्या बैठकीत माडी तापली. शिक्षिकाबाई म्हणाल्या, "ज्यानं आठातलं एकच ऐकलंय, त्याच्या मताला तुलनेचा अर्थच नाही." ड्रम वाजवणारा पोरगा भडकला, "मग पंक ऐकायला परीक्षा द्यायची का बे आता? आमची पोरं आली, मतं दिली, तुमचं गाणं पडलं म्हणून मतदान खोटं?"

दोघांच्याही म्हणण्यात खरेपणा होता. बाईंना विचारायचे होते 'सर्वांत चांगले कोणते', आणि फॉर्मने उत्तर दिले होते 'सर्वांत माहितीचे कोणते' याचे. पण पोराचा मुद्दा त्याहून अवघड होता. निकाल पाहून नियम बदलला, तर तो नियम हवा तो निकाल लागेपर्यंत बदलत राहणार, हे कोणालाही दिसते.

समोर असलेले पर्याय

एक, निकाल मान्य करायचा. नियम ठरला होता, त्याप्रमाणे गाणे जिंकले. यात प्रामाणिकपणा होता, पण वाजवणाऱ्या तिघांपैकी दोघांना ते गाणे शेवटी घ्यायचेच नव्हते.

दोन, फक्त पहिल्या दोन गाण्यांत पुन्हा लढत. सोपे, पण दुसऱ्या क्रमांकावरचे 'लंडन कॉलिंग' तिसऱ्याच्या फार थोडे पुढे होते. दोघांतच लढत लावली तर तिसऱ्याचे चाहते विनाकारण बाहेर.

तीन, बाहेरची मते रद्द करून गटाचीच मोजायची. हा पर्याय मांडला गेला तेव्हा काकांनी लगेच हात वर करून थांबवले. लोकांना बोलावून मत घ्यायचे आणि मग त्यांनाच मोजायचे नाही, हे त्यांना पटणारे नव्हते. मलाही ते सर्वांत वाईट वाटले.

चार, पसंतीक्रम. यावर बोलायला बाईंकडे अनुभव होता. सोलापूर जिल्हा पुणे विभाग पदवीधर मतदारसंघात येतो आणि त्या निवडणुकीत मतपत्रिकेवर उमेदवारांपुढे १, २, ३ असे आकडे लिहायचे असतात. २०२० च्या निवडणुकीत गटातल्या काहींनी असे मत दिले होते: केंद्रावरचा जांभळा स्केचपेन, बरोबरची खूण केली तर मत बाद, १ लिहिला नाही तरी बाद. मोजणीत निम्म्याहून जास्त पहिल्या पसंतीची मते कोणालाच नसतील, तर सर्वांत कमी मतांचा उमेदवार वगळतात आणि त्याच्या मतपत्रिका पुढच्या पसंतीकडे जातात. कोणी निम्म्यापुढे जाईपर्यंत हेच चालते.

पाचवा पर्याय गुणांचा होता. पहिल्या पसंतीला सात, दुसरीला सहा, असे करत शेवटच्याला शून्य. अठराव्या शतकात फ्रान्समध्ये बोर्दा या गणितज्ञाने ही पद्धत मांडली. तिच्यातली खोट बेसवाल्या पोरीने लगेच पकडली: "मला 'लंडन कॉलिंग' आवडतं, पण माझ्या गाण्याला तेच नडणार असेल तर मी ते मुद्दाम शेवटी टाकेन." गुण आपल्या गाण्याला देण्यापेक्षा प्रतिस्पर्ध्याचे कापण्याचा मोह या पद्धतीत खरोखरच मोठा असतो.

काय केले

आधी पहिला निकाल जसाच्या तसा जाहीर केला: लोकांच्या मतदानात 'शुड आय स्टे' पहिले. तो पुसला नाही. माझ्या मते या सगळ्या प्रकरणातला हाच सर्वांत चांगला निर्णय. ज्या पोरांनी मते दिली, त्यांना आपण फसवले गेलो असे वाटले नाही आणि त्यांतली बरीच दुसऱ्या फेरीला माडीवर आली.

मग शेवटच्या गाण्यासाठी वेगळे, नवे मतदान जाहीर केले. नियम एका कागदावर लिहून भिंतीला चिकटवले, तेही एकही मत पडण्याआधी. मत कोणीही देऊ शकेल, अट एकच की आठही गाणी ऐकायची. पसंतीक्रमाने मोजणी. बरोबरी झाली तर पहिल्या पसंतीची मते जास्त असलेले गाणे राहील. मोजणी सगळ्यांसमोर.

ऐकण्याच्या अटीवर एक अडचण राहिली. रात्रपाळीचा तरुण बैठकीला येऊ शकत नव्हता. 'हजर असेल त्यालाच मत' असा नियम झाला असता, तर ज्यांच्या जगण्यावर ही गाणी लिहिली गेली तेच बाहेर राहिले असते. गाणी फोनवर ऐकून मतपत्रिका बंद पाकिटात पाठवली तरी चालेल असे ठरले. ऐकली का, हे कोणी तपासणार नव्हते. शब्दावर विश्वास ठेवायचा.

बैठक दोन रात्री चालली. प्रत्येक गाण्याआधी कोणीतरी त्याचा अर्थ आणि पार्श्वभूमी सांगायची होती. हा भाग मी विसरणार नाही. 'ट्रेन इन व्हेन' शेवटच्या क्षणी 'लंडन कॉलिंग' अल्बमात घुसले, त्यामुळे मुखपृष्ठावर त्याचे नावच छापलेले नव्हते, हे ऐकून पोरे खूश झाली. 'रॉक द कॅसबाह'मधले ड्रम, बेस आणि पियानो हे तिन्ही ड्रमर हेडननेच वाजवले आणि ते गाणे गाजत असताना तो हेरॉइनपायी बँडबाहेर होता, हे कळल्यावर खोली शांत झाली. 'लंडन कॉलिंग'च्या नावामागे युद्धकाळातल्या बीबीसीची घोषणा आहे, आत १९७९ च्या अमेरिकेतल्या अणुभट्टीच्या अपघाताची भीती आहे आणि थेम्सला पूर येऊन लंडन बुडेल ही धास्तीही आहे. उजनीच्या पाण्याची पाळी मोजत बसणाऱ्या गावात पुराची भीती समजावून सांगायला बाईंना जरा वेळ लागला.

'स्ट्रेट टू हेल' सुरू होताच मागच्या रांगेतली पोरे चमकली. एम.आय.ए. या ब्रिटिश गायिकेच्या २००७ च्या गाण्यातला तुकडा त्यांना पाठ होता, तो इथून उचलला आहे हे ठाऊक नव्हते. मग शब्द उलगडले: पोलादाच्या गावांतले बेकार, 'परत जा' असे ऐकवले जाणारे स्थलांतरित, अमेरिकी सैनिकांनी व्हिएतनाममध्ये मागे सोडलेली मुले. पंक म्हणावे असा एकही फटका या गाण्यात नाही. हळू, तिरकी, बोसानोव्हा या ब्राझीलच्या शैलीच्या अंगाने जाणारी लय आहे. मिरवणुकीत हलगी वाजवलेला आमचा ड्रमर मांडीवर ती लय धरू पाहत होता आणि ती हातातून निसटत होती.

शेवटी 'व्हाइट मॅन'. १९७८ चे हे स्वतंत्र एकेरी गाणे. रात्रभर चालणाऱ्या रेगेच्या कार्यक्रमाला गेलेला स्ट्रमर. बंडाचे संगीत ऐकायला मिळेल या आशेने गेला आणि समोर चकचकीत करमणूक. गाणे तिथे थांबत नाही. पुढे ते नव्या पंक बँडांकडेच वळते, बंडाचाही पैसा करणाऱ्यांकडे. काकांनी हे गाणे समजावले. ते चांगले बोलतात.

निकाल

पहिल्या पसंतीत पुन्हा 'शुड आय स्टे' पुढे, पण निम्म्यापासून दूर. 'कॅसबाह', 'गन्स ऑफ ब्रिक्स्टन', 'ट्रेन इन व्हेन' आणि 'क्लॅम्पडाउन' ही एकेक करून गेली. 'क्लॅम्पडाउन' गेले तेव्हा काका काही बोलले नाहीत. उरलेल्या चारांत 'स्ट्रेट टू हेल' सर्वांत खाली होते, ते वगळले. त्याच्या मतपत्रिका बहुतेक 'व्हाइट मॅन'कडे गेल्या. मग 'लंडन कॉलिंग' गेले आणि त्याचीही मते तिकडेच वळली. 'व्हाइट मॅन' निम्म्यापुढे गेले आणि जिंकले.

पण मतपत्रिका हाताळताना मला आणि बेसवाल्या पोरीला एक गोष्ट सारखी दिसत होती. 'स्ट्रेट टू हेल' फार थोड्यांच्या पहिल्या क्रमांकावर होते, पण जवळजवळ प्रत्येक कागदावर दुसरे किंवा तिसरे. आम्ही प्रत्येक जोडी वेगळी मोजली. समोरासमोरच्या लढतीत 'स्ट्रेट टू हेल' सातही गाण्यांना हरवत होते, विजेत्यालासुद्धा.

हे कसे होते, ते लहान उदाहरणाने दाखवतो. समजा २० मतपत्रिका आहेत आणि तीनच गाणी. ८ जणांचा क्रम: स्टे, हेल, व्हाइट मॅन. ७ जणांचा: व्हाइट मॅन, हेल, स्टे. ५ जणांचा: हेल, व्हाइट मॅन, स्टे. एकच मत मोजले तर ८ मतांनी 'स्टे' जिंकते. पसंतीक्रमाने मोजले तर ५ मतांचे 'हेल' आधी बाद होते, ती मते 'व्हाइट मॅन'ला जातात आणि ते १२ विरुद्ध ८ जिंकते. जोडीजोडीने मोजले तर 'हेल' 'स्टे'ला १२-८ आणि 'व्हाइट मॅन'ला १३-७ हरवते. कागद तेच, विजेते तीन. जोडीची ही कसोटी काँदोर्से या फ्रेंच गणितज्ञाने १७८५ मध्ये मांडली होती.

आता ठरवायचे होते की हे सांगायचे का. भिंतीवरचा नियम पसंतीक्रमाचा होता, त्यामुळे विजेता बदलण्याचा प्रश्नच नव्हता. पण तक्ता लपवणेही बरोबर नव्हते. तो नियमाच्या कागदाशेजारी लावला. शिक्षिकाबाई बराच वेळ त्याच्यासमोर उभ्या होत्या. त्यांचे पहिल्या पसंतीचे गाणे 'व्हाइट मॅन' होते, तरी त्या म्हणाल्या, "खरं तर 'हेल'च जिंकायला हवं होतं."

कार्यक्रमात पोरांनी 'व्हाइट मॅन' वाजवले. उलट ठेक्यावर गिटार धरताना गिटारवाल्याला घाम फुटला, पण गाणे लागले.

वेगळे काय करता आले असते

पहिले म्हणजे प्रश्न. 'सर्वांत चांगले गाणे कोणते' आणि 'आपल्या पोरांनी कार्यक्रम कशाने संपवावा' हे दोन वेगळे प्रश्न आहेत. दुसऱ्याचे उत्तर तीन वाजवणाऱ्यांच्या हातांवरही अवलंबून असते. ते वेगळे विचारले असते, तर पहिल्या फेरीतला निम्मा राग टळला असता.

दुसरे, गाण्यांचा क्रम. बैठकीत आठही गाणी सगळ्यांनी एकाच क्रमाने ऐकली. 'व्हाइट मॅन' अगदी शेवटी आले, मनात ताजे राहिले, आणि त्यावर बोलले गटातले सर्वांत चांगले वक्ते. जे गाणे चांगल्या माणसाने समजावले त्याला त्याचा फायदा मिळतो. चिठ्ठ्या टाकून क्रम ठरवायचा, आणि बोलणाऱ्यांसाठीही चिठ्ठ्याच टाकायच्या, असे करता आले असते.

तिसरे, मोजणीची पद्धत. ज्या गटाला एकमेकांबरोबर पुढेही बसून ऐकायचे आहे, त्याने थोड्यांच्या अतिशय लाडक्या गाण्यापेक्षा बहुतेकांना मनापासून पटणारे गाणे निवडावे, असे मला वाटते. तसे असेल तर जोडीजोडीची मोजणी अधिक योग्य. बेसवाली पोरगी हे मानत नाही. तिच्या मते सगळ्यांना दुसरे म्हणून चालणारे गाणे पंक बँडचे उत्तम गाणे असूच शकत नाही. कुणाच्या तरी जिवाला लागलेलेच पुढे यायला हवे. आठ गाण्यांच्या अठ्ठावीस जोड्या हाताने मोजायला रात्र जाते, हीही व्यवहाराची बाजू आहे.

आणि वगळलेली ती दोन गाणी. 'पोलीस अँड थीव्ज' यादीत असते, तर रेगे आवडणाऱ्यांची मते 'व्हाइट मॅन', 'गन्स ऑफ ब्रिक्स्टन' आणि त्याच्यात विभागली गेली असती, आणि 'व्हाइट मॅन' कदाचित 'स्ट्रेट टू हेल'च्याही आधी बाद झाले असते. म्हणजे निकालावर मोजणीइतकाच परिणाम त्या पहिल्या, सहज घेतलेल्या निर्णयाने केला. पुढचे मतदान रमोन्स या न्यूयॉर्कच्या बँडवर घ्यायचे ठरले आहे. त्यांनीही दुसऱ्यांची गाणी भरपूर वाजवली आहेत, आणि काकांनी अभंगाचा मुद्दा पुन्हा मांडायचे आताच सांगून ठेवले आहे.